आईची ऊब आणि आपलं हीट ट्रान्सफर

परीक्षेसाठी आपण हीट लॉसची गणितं घोकतो. तेच गणित वेळेआधी जन्मलेल्या बाळाला लावून बघा. शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानाने त्वचा जास्त. त्यात कातडीखाली चरबी जेमतेम. मग बाळ भराभर थंड पडतं आणि सगळी शक्ती ऊब टिकवण्यातच जाते.

आपण इंजिनियर लोक लगेच इनक्युबेटर म्हणणार! पण १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. हीच ‘कांगारू मदर केअर’.

आपल्या परळच्या केईएममधल्या डॉक्टरांनी ती तपासून पाहिली. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांचे दोन गट केले. २००८ साली निष्कर्ष छापून आले : कांगारू गटाचं वजन रोज सरासरी २४ ग्रॅम वाढलं, दुसऱ्याचं १६. थंड पडणं आणि जंतुसंसर्गही कमी.

पुढे भारतासह पाच देशांत ३,२११ बाळांवर चाचणी झाली. त्यात बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही ऊब दिली. २०२१ मध्ये आकडे आले : २८ दिवसांतले मृत्यू एरवीच्या पद्धतीत १५.७ टक्के, इथे १२. फायदा इतका स्पष्ट, की चाचणी मध्येच थांबवली.

मशीन हवंच, श्वासाला मदत लागते तिथे तर नक्कीच. पण नात्यात असं बाळ आलं तर डॉक्टरांना विचारा, कांगारू केअर कधी सुरू करायची? आई थकली तर बाबांची छातीही चालते!