मुंबईची दुसरी रेल्वे

मुंबईकराला रेल्वे म्हणजे लोकल. दादर-ठाण्याच्या गर्दीत गाडी पकडता येते, बघता येत नाही. ती निवांत बघायची तर वसई रोडहून दिव्याला जाणाऱ्या मार्गावर यावं. जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, कोपर अशी इथली स्टेशनं. दिवसभरात मोजक्याच मेमू असतात. एक चुकली की पुढचीसाठी तासन् तास बसावं लागतं. म्हणून कामण रोडचा फलाट बहुतेक वेळ रिकामा असतो.

रूळ मात्र रिकामे नसतात. गुजरात आणि उत्तरेकडून आलेली गाडी मुंबईत न शिरता न्हावाशेवा, पुणे किंवा कोकणाकडे वळते, ती याच मार्गाने. कंटेनरच्या लांबलचक मालगाड्या, तेलाच्या टाक्या, कोळशाच्या उघड्या वाघिणी इथून जातात. त्रिवेंद्रम राजधानी, मरुसागर अशा केरळच्या गाड्या कामणला न थांबता निघून जातात. शहर ज्याच्यावर जगतं तो माल कसा येतो-जातो, हे मुंबईच्या जवळपास इतकं उघड दुसरीकडे क्वचितच दिसेल. रेल्वेच्या छांदिष्टाने पहिला धडा इथेच गिरवावा असं माझं ठाम मत आहे.

हा छंद वाचनाचा आहे. इंजिनावर ‘डब्ल्यूएजी-9’ लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे माल. जीच्या जागी पी असेल तर ते प्रवासी गाडीचं इंजिन. बाजूला शेडचं नाव असतं: भुसावळ, अजनी, वडोदरा, इटारसी. इंजिन कुठल्या घरचं आहे ते त्यावरून कळतं. बिहारमधल्या मधेपुऱ्यात बनणारं, जोड अंगाचं डब्ल्यूएजी-12 तब्बल 12,000 अश्वशक्तीचं. त्याची देखभाल करणारं एक केंद्र आपल्या नागपुरात आहे.

त्याहून गंमत वाघिणीच्या अकरा आकड्यांत आहे. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन ती बनली ते वर्ष. मग चार आकडे तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. सिग्नलला थांबलेल्या एकाच मालगाडीत वीस-पंचवीस वर्षांची जुनी वाघीण आणि गेल्या वर्षीची कोरी वाघीण शेजारीशेजारी सापडते. शेवटच्या वाघिणीवरची ‘एलव्ही’ची, म्हणजे ‘लास्ट व्हेईकल’ची, पाटीही चुकवू नये. ती दिसली म्हणजे गाडी अखंड आली, मध्येच तुटून काही मागे राहिलं नाही, अशी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांची खात्री पटते. धडधडत जाणाऱ्या गाडीला ते हिरवा झेंडा दाखवत उभे असतात, तेव्हा त्यांची नजर याच गोष्टींवर असते.

फोटोसाठी उजेडाचं गणित सोपं आहे. मार्ग साधारण वायव्येकडून आग्नेयेला जातो. म्हणून सकाळी दिव्याकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन असतं आणि संध्याकाळी वसईकडे जाणाऱ्या गाडीच्या. पावसाळ्यात उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि मागे तुंगारेश्वर-कामणदुर्गाचे डोंगर हिरवे होतात. माझ्या मते हाच सर्वांत चांगला हंगाम. फ्लॅश मात्र कधीच वापरू नये. लोको पायलटचे डोळे दिपतात.

हे टिपून ठेवण्याची निकड आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती 1,500 व्होल्ट डीसीवर. एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावरून डीसीची शेवटची लोकल गेली. नव्वद वर्षांचं पर्व संपलं. ती गाडी रोज वापरणाऱ्या लाखोंपैकी किती जणांकडे तिचा एक नीट फोटो असेल? कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं आणि कोकणच्या गाड्यांपुढची डिझेल इंजिनं ओसरली. आता न्हावाशेवा ते दादरी ही सुमारे 1,500 किलोमीटरची मालवाहतुकीची स्वतंत्र मार्गिका याच पट्ट्यातून जाते. मालगाड्या तिच्यावर वळतील, तसं कामण रोडच्या जुन्या रुळांवरचं चित्रही बदलेल.

जाणाऱ्यांनी तिकीट काढावं, स्टेशन मास्तरांना आधी विचारावं आणि ते नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. पिवळ्या रेषेच्या मागेच उभं राहावं. रुळांत उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विजेच्या इंजिनामागची गाडी फारसा आवाज न करता अंगावर येते. आणि फोटो काढलात तर त्याखाली तारीख, स्टेशन आणि इंजिनाचा क्रमांक जरूर लिहा. त्याशिवाय पन्नास वर्षांनी तो कुणाच्या कामाचा नसेल.