पोलादात उतरलेले आकाश : अनिश कपूर यांचे शिल्पविश्व

अमेरिकेतील शिकागो शहराच्या मिलेनियम पार्कमध्ये 'क्लाउड गेट' हे शिल्प आहे. ते पाहायला येणारा प्रत्येक जण आधी त्यात स्वतःचे प्रतिबिंब शोधतो. भोवतालच्या गगनचुंबी इमारती, वरून सरकणारे ढग आणि समोरची गर्दी हे सारे त्या चकचकीत पोलादी पृष्ठभागावर वाकून, ताणून उमटते. त्याच्या आकारामुळे शिकागोकरांनी त्याला 'बीन', म्हणजे शेंगेतला दाणा, असे नाव दिले. आपल्याकडच्या राजम्याच्या दाण्याची आठवण यावी, असाच तो आकार आहे. शिल्पकाराला हे टोपणनाव प्रारंभी रुचले नव्हते. पण लोकांनी ठेवलेले नाव पुसता येत नाही.

हे शिल्प घडविणारे अनिश कपूर यांचा जन्म १२ मार्च १९५४ रोजी मुंबईत झाला. भव्य आकाराची, कोणत्याही व्यक्तीचे वा प्रसंगाचे चित्रण न करणारी अमूर्त शिल्पे उभारणाऱ्या आजच्या शिल्पकारांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांनी मेण, दगड, रंगाची भुकटी, ताणलेले प्लास्टिकचे पडदे अशी अनेक माध्यमे हाताळली असली, तरी सामान्य प्रेक्षकाला ते ठाऊक आहेत ते मुख्यतः धातूमुळे.

मुंबई, पुणे आणि लंडन

कपूर यांचे वडील पंजाबी हिंदू कुटुंबातील. भारतीय नौदलात ते जलसर्वेक्षणाचे काम करीत. आई बगदादी ज्यू समाजातील, आणि आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना-गायक होते. शाळेसाठी अनिश डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये गेले. १९७१ मध्ये ते भावाबरोबर इस्राएलला गेले. तिथे काही काळ ते किबुत्झमध्ये राहिले आणि विद्युत अभियांत्रिकीच्या अभ्यासाला लागले. पण सहा महिन्यांतच त्यांनी तो सोडला. १९७३ मध्ये ब्रिटन गाठून त्यांनी हॉर्नसी येथील आणि नंतर चेल्सी येथील कलाशाळेत शिक्षण घेतले. तेव्हापासून लंडन हेच त्यांचे कार्यक्षेत्र आहे.

त्यांच्या बालपणीच्या मुंबईत धातूच्या अमूर्त शिल्पांचा प्रवाह सुरू झालेला होता, ही गोष्ट त्यांच्यावरील लेखनात सहसा येत नाही. आदी दावियेरवाला (१९२२-१९७५) आणि पिलू पोचखानवाला (१९२३-१९८६) हे दोघे पारशी शिल्पकार त्या काळात मुंबईतच काम करीत होते. दावियेरवालांचे शिक्षण औषधनिर्माणाचे, तर पोचखानवाला जाहिरातक्षेत्रातून आलेल्या. शिल्पकलेची रीतसर पदवी दोघांकडेही नव्हती. दोघांनीही ना. ग. पानसरे यांच्याकडे धडे घेतले होते. फोर्टमधील न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवरील उठावशिल्पांमुळे ज्यांचे नाव झाले, तेच हे पानसरे. दावियेरवाला आणि पोचखानवाला या पिढीने जोडकामाची ज्योत हातात घेऊन लोखंडाला आकार दिला. मात्र त्यांच्या वाट्याला कपूर यांना लाभली तशी अर्थव्यवस्था, कारखाने आणि अभियंत्यांची साथ आली नाही. पोचखानवालांचे 'स्पार्क' हे शिल्प हाजी अली चौकात उभे होते. पुढे ते तिथून हलविण्यात आले.

कपूर यांच्या कामाला पहिली ठळक दिशा मिळाली ती १९७९ मधील भारतभेटीत. मंदिरांबाहेर आणि बाजारात मांडलेल्या गुलाल-कुंकवाच्या राशी त्यांनी पाहिल्या. लंडनला परतल्यावर त्यांनी भडक रंगांच्या भुकटीने झाकलेले, जमिनीतून उगवल्यासारखे भासणारे आकार रचले आणि त्या मालिकेला 'हजार नावे' या अर्थाचे शीर्षक दिले. आपल्याकडे सहस्रनाम म्हटल्यावर जे अभिप्रेत असते, त्याचा तो निर्देश होता. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले आणि १९९१ मध्ये त्यांना टर्नर पारितोषिक मिळाले. भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले, तर ब्रिटनने २०१३ मध्ये 'सर' हा किताब. आपल्याला 'भारतीय कलावंत' या चौकटीत बसविले जाऊ नये, असा त्यांचा आग्रह राहिला आहे.

आरसा कसा घडला

'क्लाउड गेट'ची कथा ही अर्धी कलेची आणि अर्धी अभियांत्रिकीची आहे. १९९९ मध्ये उद्यानासाठी शिल्पाची निवड झाली, तेव्हा अमेरिकी कलावंत जेफ कून्स यांचा प्रस्तावही समोर होता. तो होता एका उंच घसरगुंडीचा. निवड कपूर यांच्या आराखड्याची झाली, पण इतका मोठा अखंड आरसा पोलादात घडवायचा कसा, याचे तयार उत्तर कोणाकडेच नव्हते.

काम कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील एका कारखान्याकडे सोपविण्यात आले. संपूर्ण शिल्प तिथेच जोडून जहाजाने पनामा कालव्यातून आणावे, असा प्रारंभीचा विचार होता. तो धोक्याचा ठरल्याने सोडून देण्यात आला. अखेर स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे स्वतंत्रपणे वाकवून, घासून, ट्रकांनी शिकागोला आणले गेले. प्रत्येक पत्रा सुमारे १० मिलिमीटर जाडीचा आणि साधारण साडेचारशे ते नऊशे किलो वजनाचा होता. पत्र्याची वक्रता किंचितही चुकली, तर शेजारच्या पत्र्याशी त्याचा मेळ बसत नाही. आरशासारख्या पृष्ठभागावर असा दोष लपवताही येत नाही. खडबडीत शिल्पात जो उंचवटा कोणाच्या लक्षातही येणार नाही, तोच इथे समोरच्या इमारतीची रेषा मोडून टाकतो.

शिल्पाच्या पोटात काय आहे, हा प्रश्न पाहणाऱ्याला सहसा पडत नाही. आत पोलादाची दोन मोठी कडी आणि त्यांना जोडणारा सांगाडा आहे. बाहेरचे कवच त्या सांगाड्याला घट्ट जखडलेले नाही. लवचीक जोडण्यांनी ते बसविले आहे. याचे कारण शिकागोचे हवामान. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात ३५ अंशांपर्यंत चढतो. २० मीटर लांबीचे स्टेनलेस स्टील एवढ्या फरकाने जवळपास पावणेदोन सेंटिमीटर लांबते किंवा आखडते. कवच जखडलेले असते, तर जोड उकलले असते किंवा पत्र्यांना पोचे पडले असते.

१६ जुलै २००४ रोजी उद्यान खुले झाले, तेव्हा शिल्प अपुरेच होते. पत्र्यांमधील सांधे स्पष्ट दिसत होते. पुढे २००५ मध्ये अनेक महिने त्यावर तंबू ठोकून कारागिरांनी सांध्यांवर काम केले. आधी वितळजोड, मग जाड कणांचे घासकाम, त्यानंतर टप्प्याटप्प्याने अधिकाधिक बारीक कणांचे, आणि शेवटी झिलई, असा तो क्रम होता. आज त्या पृष्ठभागावर सांधा शोधून सापडत नाही. औपचारिक लोकार्पण १५ मे २००६ रोजी झाले. शिल्पाची उंची १० मीटर, लांबी २० मीटर, रुंदी १३ मीटर आणि वजन सुमारे १०० टन आहे. खर्चाचा पहिला अंदाज ६० लाख डॉलरचा होता. प्रत्यक्षात तो २ कोटी ३० लाख डॉलरवर गेला. ही रक्कम खासगी देणग्यांतून उभी राहिली, म्हणून त्या वाढीवर फारसा गहजब झाला नाही. सरकारी तिजोरीतून पैसा जाणार असता, तर चित्र वेगळे असते.

बहिर्वक्र आरसा सारे काही लहान करून कवेत घेतो, अंतर्वक्र आरसा प्रतिमा उलटी करतो. कपूर यांच्या 'स्काय मिरर' या शिल्पांमध्ये दुसऱ्या तत्त्वाचा उपयोग केलेला आहे. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम येथे नाट्यगृहासमोर २००१ मध्ये बसविलेली सहा मीटर व्यासाची पोलादी तबकडी आकाश खाली आणते. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये काही आठवडे मांडलेली तबकडी याहून मोठी, सुमारे दहा मीटरची होती.

गंजाचे सौंदर्य आणि गंजाचा धोका

चकचकीत पोलाद ही कपूर यांच्या धातुकामाची एक बाजू झाली. दुसरी बाजू आहे गंजलेल्या पोलादाची. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्यामुळे पृष्ठभागावर अदृश्य संरक्षक थर तयार होतो. 'कॉर्टेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोलादात तांबे, क्रोमियम असे धातू अल्प प्रमाणात मिसळलेले असतात. त्यावर गंज चढतो, पण तो घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. मात्र त्यासाठी पृष्ठभाग आलटून पालटून ओला आणि कोरडा व्हावा लागतो. सततच्या दमट, खाऱ्या हवेत हा थर स्थिरावत नाही. समुद्रकाठच्या आपल्या शहरांत अशी शिल्पे उभारू पाहणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

२००८ मध्ये बर्लिनमध्ये प्रथम दाखविलेले 'मेमरी' हे शिल्प १५४ कॉर्टेन पत्र्यांचे होते आणि त्याचे वजन २४ टन भरले. दालनाच्या भिंतींमध्ये ते असे कोंबले होते की प्रेक्षकाला कोणत्याही एका जागेवरून ते पूर्ण दिसत नसे. तीन वेगवेगळ्या बाजूंनी पाहून मनातच त्याची जुळणी करावी लागे. मोठ्या आकाराचा असा सूक्ष्म उपयोग कपूर यांच्या समकालीनांत विरळाच आढळतो.

लंडनमधील 'ऑर्बिट'बद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेला हा लाल पोलादी मनोरा ११४.५ मीटर उंच आहे. त्याची रचना कपूर आणि श्रीलंकेत जन्मलेले अभियंते सेसिल बालमंड यांनी मिळून केली. सुमारे २ कोटी २७ लाख पौंडांच्या खर्चापैकी बहुतांश भार पोलाद उद्योगपती लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने उचलला. या कामासाठी लंडनचे तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी २००९ मध्ये दावोस येथे मित्तल यांना गाठले होते. खेळ संपल्यावर तिकिटांचे उत्पन्न घसरले आणि २०१४-१५ या वर्षात मनोऱ्याला पाच लाख पौंडांहून अधिक तोटा झाला. २०१६ मध्ये त्यावर कार्स्टन हेलर या कलावंताची १७८ मीटर लांबीची घसरगुंडी बसविण्यात आली. शिकागोत घसरगुंडीच्या प्रस्तावावर मात करणाऱ्या शिल्पकाराच्या मनोऱ्याला अखेर घसरगुंडीनेच प्रेक्षक मिळवून द्यावेत, हा योगायोग मजेशीर आहे.

शिल्प कोणाचे?

चौकात उभे राहिलेले शिल्प कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न कपूर यांच्या बाबतीत वारंवार न्यायालयात गेला आहे. अमेरिकेतील बंदूकसमर्थक संघटना 'नॅशनल रायफल असोसिएशन'ने २०१७ मधील आपल्या एका प्रचारफितीत 'क्लाउड गेट'चे चित्र वापरले. कपूर यांनी २०१८ मध्ये दावा दाखल केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते चित्र फितीतून काढून टाकण्यात आले. अमेरिकी कायद्यात सार्वजनिक जागेतील शिल्पावरही कलावंताचा स्वामित्वहक्क राहतो. भारतीय कायदा याबाबत अधिक सैल आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेतल्यास हक्कभंग होत नाही.

मात्र शिल्पाची मोडतोड करण्याची मुभा भारतात मालकाला नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने उतरवून गोदामात टाकले होते. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ चा आधार घेऊन शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश न्यायालयाने सरकारला दिला. मूर्ती फोडली तर दंगल होते आणि अमूर्त शिल्प हलवले तर कोणाला पत्ताही लागत नाही, अशी आपल्याकडची स्थिती असल्याने या निकालाचे मोल मोठे आहे.

फ्रान्समध्ये वाद निराळ्याच वळणाने गेला. २०१५ मध्ये व्हर्साय राजवाड्याच्या उद्यानात मांडलेल्या, सुमारे ६० मीटर लांबीच्या 'डर्टी कॉर्नर' या गंजलेल्या पोलादी शिल्पावर अज्ञातांनी ज्यूविरोधी मजकूर रंगविला. हा मजकूर पुसू नये, द्वेष लोकांना दिसू द्यावा, अशी कपूर यांची भूमिका होती. न्यायालयाने तो झाकण्याचा आदेश दिला. तेव्हा त्यांनी त्यावर सोन्याचा वर्ख चढविला. पुण्याच्या प्रार्थना-गायकाच्या या नातवाला ती अक्षरे किती बोचली असतील, याची कल्पना करता येते.

जयपूरमधील नियुक्ती

त्याच वर्षी भारतातही त्यांचे नाव वादात सापडले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या ब्रिटन दौऱ्याच्या वेळी कपूर यांनी 'गार्डियन' या दैनिकात मोदी सरकारवर अत्यंत कडक शब्दांत टीका केली. डिसेंबरमध्ये राजस्थान सरकारने जयपूरच्या जवाहर कला केंद्राशी संबंधित मंडळावर त्यांची नेमणूक केली आणि त्या टीकेचा बोभाटा होताच नाव मागेही घेतले. हे केंद्र मुंबईचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी जुन्या जयपूरच्या नऊ चौकोनी नगररचनेवरून आखलेले आहे. राजकीय मत आणि कलेतील जाण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची संधी तिथल्या राज्यकर्त्यांना होती. ती त्यांनी घेतली नाही.

भारतीय प्रेक्षकांना कपूर यांचे काम मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाले ते २०१० च्या अखेरीस. दिल्लीतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि मुंबईत वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ अशा दोन ठिकाणी त्यांचे प्रदर्शन भरले. जिथे हिंदी चित्रपटांचे सेट उभे राहत, तिथे पोलादी आरसे उभे राहिले आणि लोक त्यांत वाकडेतिकडे होऊन स्वतःला पाहत राहिले. जन्मभूमीतील हे त्यांचे पहिलेच प्रदर्शन होते. तेव्हा त्यांचे वय ५६ वर्षांचे होते.

वयाची सत्तरी ओलांडल्यावरही मोठ्या धातुकामातून ते निवृत्त झालेले नाहीत. इटलीतील नेपल्स येथील मोंते सांतांजेलो या भूमिगत रेल्वेस्थानकाची रचना त्यांनी केली. दोन दशकांहून अधिक काळ रखडलेले हे काम सप्टेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. गंजलेल्या पोलादाचा एक अवाढव्य फुगीर ओठ जमिनीतून वर आला आहे, आणि विद्यापीठाचे विद्यार्थी रोज त्याच्या तोंडातून खाली गाडी पकडायला उतरतात.