गाडीची चावी नेमकं काय सिद्ध करते?

बोईसर स्टेशनच्या बाहेर मामाने गाडी लावली की तिचा रिमोट चालत नाही. म्हणजे कधी चालतो, कधी नाही. बटण दाबायचं, इंडिकेटर लुकलुकतात का बघायचं, नाही लुकलुकले तर पुन्हा दाबायचं. मामा एमआयडीसीतल्या कामगारांना शिफ्टला नेतो-आणतो, त्यामुळे ही गाडी म्हणजे त्याचा पगारच. त्याच्याकडे कारण तयार होतं: "अगं, इथे अणुभट्टी आहे ना. तिच्या किरणांनी सिग्नल मरतो."

हसू नका. हे गृहीतक आहे, आणि त्यातलं बरं गृहीतक, कारण ते तपासता येतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे आणि ते किनाऱ्यावर आहे, स्टेशनपासून काही किलोमीटर लांब. किरणांनी सिग्नल मरत असेल तर तिकडे जावं तसा तो जास्त मरायला हवा. मी विचारलं, "मामा, तू केंद्राच्या बाजूला माणसं सोडायला जातोस तेव्हा काय होतं?"

"तिथे तर एका झटक्यात लॉक होते."

झालं. एक रुपया खर्च न करता गृहीतक निकालात. (भौतिकशास्त्र लावलं असतं तरी हेच निघालं असतं. अणुभट्टीतले गॅमा किरण तिच्या जाड कवचाच्या आत अडवलेले असतात आणि रिमोट बोलतो रेडिओ लहरींमध्ये. पण मामाच्याच निरीक्षणाने मामाचं गृहीतक पडलं, हे मला जास्त आवडलं.)

पेटची आणि मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "रिसर्च क्वेश्चन म्हणजे नेमकं काय लिहायचं?" आज त्याचं उत्तर मामाच्या चावीवरून द्यायचा प्रयत्न करते. माझा विषय हा नाही, पण या क्षेत्रातले पेपर मी हौसेने वाचते. आणि 'तुमच्या मोजमापाने नेमकं काय सिद्ध झालं?' हा प्रश्न इतक्या उघडपणे दिसणारं दुसरं क्षेत्र मला तरी माहीत नाही.

आधी चावीच्या आत काय असतं ते बघू. रिमोटवाल्या साध्या चावीत तीन वेगळ्या वस्तू एकाच प्लास्टिकमध्ये कोंबलेल्या असतात आणि बहुतेकांना त्या एकच वाटतात. पहिलं म्हणजे धातूचं पातं. ते दाराच्या आणि इग्निशनच्या कुलपात फिरतं. दुसरा रिमोट. त्याला बटण सेल लागतो आणि आपल्याकडे तो बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो. त्याचं काम फक्त दारं उघडणं-लावणं. तिसरी इमोबिलायझरची चिप. तिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या भोवती एक कॉइल असते, ती १२५ किलोहर्ट्झच्या आसपास चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्यातूनच चिपला वीज मिळते, ट्रान्सफॉर्मरमध्ये मिळते तशी. मग गाडी चिपला एक यादृच्छिक आकडा विचारते, चिप गुपित वापरून त्याचं उत्तर देते आणि उत्तर बरोबर आलं तरच इंजिन चालू राहतं.

म्हणून रिमोटचा सेल संपला तरी पात्याने दार उघडून गाडी सुरू करता येते. आणि म्हणूनच रस्त्यावरच्या चावीवाल्याने नुसतं पातं घासून दिलेली डुप्लिकेट दारात फिरते, इग्निशनमध्येही फिरते, पण इंजिन सुरू होत नाही किंवा होऊन लगेच बंद पडतं.

मामाची तक्रार फक्त दुसऱ्या वस्तूबद्दल होती. मग कारणं काय असू शकतात? सेल उतरलेला असेल. आजूबाजूला त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलणारी दुसरी साधनं असतील. ही फ्रिक्वेन्सी सगळ्यांची आहे, गेटचे रिमोट आणि वायरलेस बेलही तिच्यावर चालतात. किंवा कुणीतरी मुद्दाम जॅमर लावून उभं असेल.

ही शेवटची शक्यता सिनेमातली वाटते, पण तिला अक्कल फार लागत नाही. चोराला संदेश समजायची गरज नाही. नुसता गोंगाट केला की तुमचा 'लॉक'चा संदेश गाडीपर्यंत पोचत नाही, तुम्ही बटण दाबून लोकल पकडायला पळता आणि गाडी उघडीच राहते. आतली बॅग, कागदपत्रं, मोबाइल गेला. गाडी मात्र सहसा जात नाही, कारण तिसरी वस्तू, इमोबिलायझर, अजून जागी असते. (सरकारची खास परवानगी नसताना जॅमर वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे. प्रयोग म्हणूनसुद्धा मागवू नका.)

आता पुढची पायरी. चोराने तुमचा 'अनलॉक'चा संदेश रेकॉर्ड करून नंतर वाजवला तर? यासाठी रोलिंग कोड असतो. चावीत आणि गाडीत एक मोजणी चालू असते. प्रत्येक दाबाला चावीतला आकडा एकाने वाढतो आणि कूटबद्ध होऊन जातो. गाडी जुना आकडा स्वीकारत नाही. कीलॉक नावाची एक गाजलेली पद्धत आहे, १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली. तिच्यात गाडी साधारण पुढचे १६ आकडे सरळ मान्य करते. घरी लहान मुलाने रिमोटशी खेळत पंचवीस वेळा बटण दाबलं तर मोजणी त्यापलीकडे जाते. मग लागोपाठचे दोन दाब मिळाले की गाडी पुन्हा जुळवून घेते. "दोनदा दाबल्याशिवाय उघडत नाही" या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

२०१५ मध्ये सॅमी कामकार या संशोधकाने रोलिंग कोडची फट दाखवली. त्याचं यंत्र पहिला दाब अडवतं आणि स्वतःकडे रेकॉर्ड करून ठेवतं. गाडी उघडली नाही म्हणून तुम्ही पुन्हा दाबता. यंत्र दुसराही अडवून ठेवतं आणि पहिला गाडीकडे सोडून देतं. गाडी उघडते, तुम्ही खूश. पण दुसरा कोड त्याच्याकडे न वापरलेला पडून आहे. इथे कूटलिपी फोडलेली नाही, गणित शाबूत आहे. फक्त रोलिंग कोड 'हा आकडा पूर्वी वापरलेला नाही' एवढंच सिद्ध करतो आणि आपण समजत होतो की तो 'हे बटण आत्ता दाबलं' हे सिद्ध करतो. 'वापरलेला नाही' आणि 'आत्ताचा' यांच्यामध्ये चोराला उभं राहण्यापुरती जागा आहे.

अशी जागा दिसली की रिसर्च क्वेश्चन सापडला असं समजा.

कीलॉकचं गणितही पुढे फुटलंच. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये चिप काम करताना किती वीज खाते ते मोजून आतली गुप्त किल्ली काढली. निर्मात्याची मुख्य किल्ली एकदा मिळाली की हवेतले दोन संदेश ऐकून रिमोटची नक्कल करता येते, हे त्यांनी दाखवलं. पण मी जेवढे पेपर वाचले त्यात गणित फुटल्याच्या गोष्टींपेक्षा गृहीत धरलेलं चुकल्याच्या गोष्टींनी मला जास्त शिकवलं.

बिनचावीची, म्हणजे खिशात चावी ठेवून बटणाने सुरू होणारी गाडी हे त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. गाडी हलक्या आवाजात विचारते, "कुणी आहे का?" चावी उत्तर देते. तो हलका आवाज मीटर-दोन मीटरच जातो, म्हणून उत्तर आलं तर चावी जवळ आहे असं गाडी मानते. झुरिकच्या ईटीएचमधल्या फ्रान्सियों, डॅनेव्ह आणि चापकुन यांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्या घेतल्या, एक अँटेना गाडीपाशी, एक चावीपाशी ठेवला आणि मधला संवाद फक्त पुढे पोचवला. दहाही गाड्या फसल्या. गुपित कुणीही चोरलं नव्हतं. संदेश पोचला म्हणून चावी जवळ आहे, हे अनुमानच चुकीचं होतं.

मग जवळ असणं मोजायचं कसं? वेळेवरून. पण हिशोब करून बघा. पालघर ते बोईसर, मध्ये एक उमरोळी, साधारण १२ किलोमीटर. रेडिओ लहर हे अंतर ४० मायक्रोसेकंदांत कापते. जाऊन-येऊन ८०. चावीला उत्तर तयार करायलाच मिलिसेकंद लागत असतील तर गाडी बोईसरला आणि चावी पालघरच्या घरात असली तरी घड्याळाला फरक कळणार नाही. एक मीटरचा फरक ओळखायचा तर जाऊन-येऊन साडेसहा-सात नॅनोसेकंद मोजता यायला हवेत. अंतराला अशी मर्यादा घालणारी पद्धत ब्रँड्स आणि चाउम यांनी १९९३ मध्येच मांडली होती. अल्ट्रा-वाइडबँड चिप असलेल्या चाव्या आता कुठे त्या वाटेने येताहेत. चांगली कल्पना आणि तिचं हार्डवेअर यांच्यात कधी कधी अख्खी पिढी जाते, हे प्रपोजल लिहिताना लक्षात असू द्या.

इतकं वाचून 'मग इमोबिलायझर वगैरे सगळं फोल' असं वाटलं तर थांबा. युरोपीय संघाने १९९८ पासून प्रत्येक नव्या गाडीत इमोबिलायझर सक्तीचा केला. फान ऑवर्स आणि फोलार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्सची १९९५ ते २००८ ची आकडेवारी तपासली आणि या साधनामुळे गाडी चोरीला जाण्याची शक्यता सरासरी निम्म्याने घटली असा अंदाज काढला. इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाड्यांकडे चोर वळले, तो परिणाम धरूनसुद्धा. त्यांची युक्ती बघण्यासारखी आहे. स्वतःहून इमोबिलायझर बसवणारे लोक मुळातच सावध असतात, म्हणून बसवलेल्या आणि न बसवलेल्या गाड्यांची सरळ तुलना करून चालत नाही. पण सक्ती झाली की गाडी कोणत्या वर्षी बनली एवढ्यावर सगळं ठरतं, मालकाच्या स्वभावाचा संबंध राहत नाही. प्रयोगशाळेत फुटणारं कुलूप रस्त्यावर चोऱ्या निम्म्या करू शकतं. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

एक गोष्ट मुलाखतीत 'एथिक्स'चा प्रश्न आला तर सांगता येईल. व्हेर्डुल्ट, गार्सिया आणि एगे यांना मेगामोस या इमोबिलायझर चिपमध्ये दोष सापडले. चिपची गुप्त किल्ली ९६ बिटांची होती, पण काही गाड्यांत ती इतकी सोपी भरलेली होती की अंदाज बांधता यायचा. त्यांनी चिप बनवणाऱ्यांना अनेक महिने आधी कळवलं आणि २०१३ च्या यूझनिक्स परिषदेत पेपर मांडायचं ठरवलं. फोक्सवॅगन लंडनच्या हायकोर्टात गेली आणि कोर्टाने प्रकाशन थांबवलं. पेपर छापून आला थेट २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून. दोन वर्षं आणि एक वाक्य! पीएचडीच्या मधल्या काळात दोन वर्षं म्हणजे काय ते गाइडला विचारा. माझं मत संशोधकांच्या बाजूने आहे. दोष लपवल्याने चोराचं काही बिघडत नाही, फक्त मालक अंधारात राहतो. पण त्या चिपची गाडी दारात उभी असलेल्या माणसाला वेगळं वाटू शकतं, आणि तेही मला समजतं.

आता मामा. मी ठरवलं, नीट तपासायचं. त्याच जागी, त्याच वेळी, एकदा या चावीने आणि एकदा दुसऱ्या चावीने. दुसरी चालली आणि ही नाही चालली तर दोष चावीत. दोन्ही नाही चालल्या तर दोष जागेत किंवा गाडीच्या रिसीव्हरमध्ये. अगदी स्वच्छ प्रयोग.

"मामा, दुसरी चावी दे."

मामा गप्प. मामी आतून म्हणाली, "दोन वर्षं झाली हरवून. सांग ना तिला."

प्रयोग राहिला बाजूला. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या दाव्याच्या वेळी सहसा दोन्ही चाव्या मागतात. एकच दिली तर दुसरी कुठे आहे याचं उत्तर द्यावं लागतं आणि तिथे दावा अडकू शकतो. गाडीवर घर चालतं त्याला हे परवडणारं नाही. शिवाय हरवलेल्या चावीतली चिप गाडीच्या दृष्टीने अजून खरीच आहे. ज्याला सापडली त्याच्या हातात तिन्ही वस्तू आहेत. मी मामाला तीन कामं सांगितली: चावी हरवल्याची पोलिसांत नोंद कर, विमा कंपनीला लेखी कळव, आणि सर्व्हिस सेंटरला नवी चावी जोडतानाच जुनी इमोबिलायझरच्या स्मृतीतून पुसायला सांग. जुन्याच्या पात्याने दार उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही. खर्चाचा आकडा ऐकून मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

दरम्यान त्याने माझी वाट न बघता रिमोटचा सेल बदलला होता, आणि त्याच आठवड्यात स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला गाडी लावायला सुरुवात केली होती. आता रिमोट बरा चालतो. सेलमुळे की जागेमुळे, सांगता येत नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या. मी त्याला म्हटलं, "एक आठवडा जुन्या जागी लावून बघ ना." तो म्हणाला, "चालतंय ना? मग कशाला?"

बटण दाबल्यावर दाराचा हँडल ओढून बघायची सवय मात्र त्याने लावून घेतली आहे. मामी सांगते, हल्ली रात्री घराचं कुलूप लावल्यावरही तो तसंच ओढून बघतो.