काउन्सेलिंग सेंटर काढताय? आधी बोर्डवरचा शब्द तपासा



गेल्या काही बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतोय. "सर, माझं सायकॉलॉजीत एम.ए. झालंय. घराची पुढची खोली रिकामी आहे. काउन्सेलिंग सेंटर सुरू करते. शॉप अ‍ॅक्ट काढला की झालं ना?"

नाही, तेवढ्यावर होत नाही. आणि खरं सांगतो, सुरुवातीच्या काळात मीसुद्धा "हो, झालं" असंच सांगायचो. शॉप अ‍ॅक्ट काढा, उद्यम काढा, करंट अकाउंट उघडा आणि लागा कामाला! माझ्या दृष्टीने बांगड्यांचं दुकान आणि काउन्सेलिंग सेंटर यांत फरक नव्हता.

मग एका ताईंचा फोन आला. आमच्याच बॅचच्या. त्यांनी बोर्डवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असं लिहिलं होतं, कारण नुसतं 'समुपदेशक' त्यांना फिकं वाटलं. एक आई आपल्या १९ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा झोपत नव्हता, शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात म्हणत होता. ताईंना वाटलं परीक्षेचं टेन्शन. आठ सेशन झाली. शेवटी एका नातेवाइकाने मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं आणि कळलं, की त्याला पहिल्या दिवसापासून औषधाची गरज होती. मुलाचे वडील सेंटरवर आले. आरडाओरडा काही नाही. एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर काय?"

ताईंकडे शॉप अ‍ॅक्टचा नंबर होता. दुसरा कुठलाच नव्हता.

त्या रात्री बोर्ड उतरला. ताईंची चूक होती, तशी माझीही होती. म्हणून आजचा विषय नीट समजून घ्या. एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे: दुकानाचा परवाना वेगळा आणि कामाचा अधिकार वेगळा. या क्षेत्रात अधिकार ठरतो तो दोन गोष्टींवर. बोर्डवर तुम्ही कोणता शब्द लिहिता आणि आतल्या खोलीत काय काम करता.

शब्द पहिला: सायकियाट्रिस्ट

म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. हे डॉक्टर असतात. एम.बी.बी.एस. आणि त्यानंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण, शिवाय मेडिकल कौन्सिलची नोंदणी. औषध लिहून देणं हे त्यांचं काम. सायकॉलॉजीत एम.ए. करा, पीएच.डी. करा, त्यातून औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. "झोपेची एक साधी गोळी सुचवली" हेसुद्धा चालत नाही. पीएच.डी. झाल्यावर नावापुढे डॉक्टर लावता येतं, पण समोरच्याला आपण औषधवाले डॉक्टर नाही हे स्पष्ट सांगा.

शब्द दुसरा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी असं डिग्रीवर छापलंय म्हणून माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. हा शब्द कायद्याने बांधलेला आहे.

भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय. तिचा कायदा १९९२चा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा त्यातल्या नोंदणीकृत व्यावसायिकांपैकी एक. परिषदेने मान्य केलेला कोर्स करायचा आणि मग केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव घालायचं. आजवरचा ओळखीचा रस्ता म्हणजे एम.ए. नंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. त्यात वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करावं लागतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली व्याख्यासुद्धा याच धर्तीवर आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.फिल. बंद होत चाललंय आणि कोर्सची नावं बदलताहेत. त्यामुळे फी भरायच्या आधी कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. तो कोर्स त्या वर्षासाठी परिषदेच्या मान्य यादीत आहे का, ते परिषदेच्या वेबसाइटवर स्वतः बघा.

नोंदणी नसताना हा व्यवसाय केला तर? १९९२च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम बघून हसू नका. कैदही लिहिलेली आहे. आणि गावात नाव गेलं तर ते कुठल्याच रकमेने परत येत नाही.

शब्द तिसरा: सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक

आता तुमच्यातल्या बहुतेकांचा प्रश्न. समुपदेशक म्हणून काम करायला सगळ्या देशभर चालेल असं एकच जुनं लायसन्स आहे का? नाही. इतकी वर्षं हा भाग मोकळाच राहिला. त्यामुळे दोन दिवसांची कार्यशाळा करून फ्रेम केलेलं सर्टिफिकेट भिंतीवर लावणारेही तयार झाले.

पण हे मोकळं रान आता राहणार नाही. २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत वर्तन-आरोग्य क्षेत्रातले व्यावसायिक आहेत. आरसीआयच्या कक्षेत येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून बाकीचे सायकॉलॉजिस्ट त्यात येतात. काही प्रकारचे आरोग्य समुपदेशक आणि मानसिक आरोग्य क्षेत्रातले सोशल वर्करही येतात. राज्य पातळीवर परिषद आणि नोंदवही अशी त्याची रचना आहे. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या गटासाठी कायद्याने किमान ३,६०० तासांचं शिक्षण धरलंय, तीन ते सहा वर्षांत विभागलेलं. आता दोन दिवसांच्या सर्टिफिकेटशी तुलना तुम्हीच करा.

याच कायद्याचा धागा पकडून यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी कोर्स बंद केले. म्हणजे "घरबसल्या ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, लगेच प्रॅक्टिस सुरू" अशी जाहिरात आज दिसली, तर पैसे खिशातच ठेवा.

मग सूट कुणाला?

सगळ्याच बोलण्या-ऐकण्याला लायसन्स लागत नाही. नाहीतर घरातल्या आजीलाही नोंदणी करावी लागली असती! खालची कामं तुम्ही आजही करू शकता, फक्त हद्द पाळून:

- करिअर मार्गदर्शन, अभ्यासाच्या सवयी, मुलाखतीची तयारी.
- पालकांसाठी वर्ग, लग्नाआधीचा संवाद वर्ग, शाळेतली जीवनकौशल्यांची सत्रं.
- कंपन्यांमधलं ट्रेनिंग: वेळेचं नियोजन, टीमवर्क, ताणाची ओळख.
- लाइफ कोचिंग, पण 'उपचार' हा शब्द न वापरता.
- सायकॉलॉजी शिकवणं, त्यावर लिहिणं, व्हिडिओ करणं.

हद्द कुठे आहे? ज्या क्षणी तुम्ही "तुम्हाला डिप्रेशन आहे" असं निदान करता, "आम्ही बरं करतो" असं वचन देता, किंवा तपासणीचा रिपोर्ट वैद्यकीय निष्कर्षासारखा लिहून देता, त्या क्षणी हद्द ओलांडलीत. सूट कामाला आहे. कोच म्हणवून घेणाऱ्याने आत उपचार केले, तर त्या कामाला सूट नाही.

अजून एक. मुलाच्या बुद्धिमत्तेच्या किंवा शिकण्यातल्या अडचणींच्या चाचण्या करून "यावर सवलत मिळेल" असं पालकांना सांगू नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र फक्त सरकारने अधिसूचित केलेलं प्राधिकरणच देऊ शकतं.

मुक्कामाची सोय केली की गणित बदलतं

आपल्याकडे बरेच जण व्यसनमुक्ती केंद्राची कल्पना घेऊन येतात. हेतू चांगला असतो. पण नीट ऐका. २०१७च्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. अशा माणसांना जिथे दाखल करून ठेवलं जातं, ती जागा 'मानसिक आरोग्य आस्थापना' ठरते. तिला प्राधिकरणाची नोंदणी लागतेच. नोंदणीशिवाय चालवली तर पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी ५०,००० ते २ लाख, आणि पुढे ५ लाखांपर्यंत. बंगला भाड्याने घ्यायच्या, खाटा मांडायच्या आधी हे काम.

तासभर बोलून क्लायंट घरी जातो अशा सेंटरला ही आस्थापनेची नोंदणी लागू होत नाही. पण आत बसणाऱ्या माणसाची पात्रता वर सांगितली तशीच लागते.

ऑनलाइन करताय?

मोबाइलवरून बोललं म्हणून नियम सैल होत नाहीत. परदेशातल्या मराठी माणसांकडून "मायबोलीत बोलायचंय" म्हणून विचारणा येते. मागणी खरी आहे. पण अमेरिकेत सायकॉलॉजिस्टचं लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, आणि क्लायंट जिथे बसलाय तिथला कायदा महत्त्वाचा ठरतो. डॉलरमध्ये फी घ्यायच्या आधी तिथले नियम तपासा.

कायदा आणखी काय मागतो?

जाहिरात: "१०० टक्के खात्री, २१ दिवसांत चिंता गायब" असं छापू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

गुप्तता: क्लायंटचं बोलणं बाहेर जाता कामा नये. फीडबॅकचा व्हॉट्सअ‍ॅप स्क्रीनशॉट स्टेटसला लावणं, नाव झाकून का होईना, बंद करा. पण याला अपवाद आहेत. एखाद्याच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसायचं नसतं. आणि बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच भेटीत संमतीपत्रावर हे अपवाद लिहून सही घ्या.

आता धंद्याची कागदपत्रं

हे आपलं नेहमीचं. महाराष्ट्रात २०पेक्षा कमी कामगार असतील तर २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, २० किंवा जास्त असतील तर नोंदणी. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. सेवेची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी. आरोग्यसेवेला असलेली सूट आपल्याला लागू होते असं परस्पर गृहीत धरू नका, सीएला विचारा.

यातला एकही कागद तुम्हाला उपचाराचा अधिकार देत नाही. परत एकदा वाचा हे वाक्य.

आजचा गृहपाठ

१. वहीच्या एका पानावर तुम्ही देणार त्या सेवा लिहा. प्रत्येकीसमोर खूण करा: मार्गदर्शन की उपचार?

२. 'उपचार' असं जिथे आलं, तिथे नोंदणी असलेला माणूस नेमा किंवा ती सेवा यादीतून काढा. नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आठवड्यातून दोन दिवस बोलावून, फीचा वाटा ठरवून सुरुवात करता येते.

३. बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड, इन्स्टाग्रामचा परिचय, तिन्हीकडे एकच खरी ओळख लिहा. "एम.ए. मानसशास्त्र, समुपदेशक" यात कमीपणा काहीच नाही.

४. जवळच्या एका मनोविकारतज्ज्ञांना भेटा. "अशी केस आली तर तुमच्याकडे पाठवू का?" एवढं विचारा. आणि टेबलावर टेलि-मानसचा नंबर चिकटवा: १४४१६. सरकारी आहे, मोफत आहे.

त्या ताई आज काय करतात? सेंटर पुन्हा सुरू केलं. बोर्डवर 'पालक आणि विद्यार्थी मार्गदर्शन' असं लिहिलंय. पहिल्या भेटीत त्या झोप, जेवण, भास, जिवाला धोका यांबद्दल विचारतात आणि शंका आली तर त्याच दिवशी पुढे पाठवतात. आधी त्यांना भीती होती, की पाठवलेला क्लायंट गेला म्हणजे गेलाच. झालं उलटं. ज्या डॉक्टरांकडे त्या पेशंट पाठवतात, तेच आता पालकांना यांच्याकडे पाठवतात.

त्यांनी नंतर मला एक वाक्य सांगितलं. "सर, आता कुणी नंबर विचारला तर मी घाबरत नाही. मी काय करते आणि काय करत नाही, ते पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं."

पुढच्या भागात संमतीपत्र कसं लिहायचं ते ओळीने बघू. तोवर बोर्ड छापायला टाकला असेल तर फ्लेक्सवाल्याला आधी फोन करा. भेटू!