नदीत मासे कोण सोडतं?

नदीतले मासे कमी झाले तर काय करायचं? शाळकरी मुलगाही सांगेल, आणखी मासे आणून सोडायचे. जगभरच्या सरकारी खात्यांचं उत्तरही बहुधा हेच असतं. मत्स्यबीज केंद्रात अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची, टाकीत भरून नदीवर न्यायची आणि चार प्रतिष्ठितांच्या साक्षीने पाण्यात ओतायची. फोटो निघतो, आकडा अहवालात जातो, सगळे समाधानाने घरी जातात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने मात्र १९७४ साली नेमकं उलट केलं. ज्या नद्या ट्राउट मासा स्वतःच्या बळावर पोसू शकतात, त्या नद्यांत मासे सोडणंच बंद करून टाकलं. आज जगभरचे हौशी मासेमार गळ घेऊन ज्या नद्यांकडे धाव घेतात, त्यांत मोंटानाच्या नद्या आहेत.

मी स्वतः गळ टाकणारा नाही. माझा आणि माशाचा संबंध ताटापुरता. पण माझा भाचा मोंटानातल्या बोझमन गावी असतो, आणि त्याच्याकडे गेलो असताना त्याने राज्याच्या मासेमारी नियमांची पुस्तिका माझ्या हातात ठेवली. आयुष्यभर बँकेची परिपत्रकं वाचलेल्या माणसाला असं वाचन गोडच लागतं. कुठल्या नदीच्या कुठल्या टप्प्यात, कोणत्या महिन्यात, किती मासे घरी न्यायचे आणि किती हळुवारपणे पुन्हा पाण्यात सोडायचे, सगळं त्यात होतं. या नियमांमागची हकीकत मला जास्त रंजक वाटली.

ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. पाणी तापलं, गढूळलं किंवा आटलं की तो तगत नाही. पिसं आणि दोरे गुंडाळून केलेल्या नकली माशीने त्याला फसवणं हा पाश्चात्त्यांचा जुना छंद आहे. मोंटानाची मॅडिसन ही त्या छंदाची पंढरीच म्हणा ना. यलोस्टोन उद्यानात फायरहोल आणि गिबन या दोन नद्या मिळून ती तयार होते आणि पुढे थ्री फोर्क्सला जेफरसन आणि गॅलॅटिन यांना मिळून मिसुरी बनते. दरसाल या नदीत केंद्रात वाढवलेले मोठाले इंद्रधनुषी ट्राउट सोडले जात. लोक येत, पकडत, खूश होऊन जात.

१९६०च्या दशकाअखेर डिक व्हिन्सेंट नावाच्या सरकारी जीवशास्त्रज्ञाने मॅडिसनमधले मासे मोजायला सुरुवात केली. पाण्यात वीजप्रवाह सोडायचा, मासे क्षणभर गुंगतात, तेवढ्यात ते मोजून, खूण करून परत सोडायचे. मग त्याने एक सरळ प्रयोग केला. मॅडिसनच्या ज्या टप्प्यात मासे सोडले जात, तिथे सोडणं थांबवलं. ओडेल नावाच्या जवळच्या ओढ्यात पूर्वी मासे सोडत नसत, तिथे मुद्दाम सोडले. काही वर्षांत निकाल समोर आला. सोडणं थांबवलेल्या टप्प्यात नदीचे स्वतःचे मोठे ट्राउट कित्येक पटींनी वाढले. ओढ्यातले मूळचे मासे मात्र जवळजवळ निम्म्यावर आले.

कारण ऐकलं की पटतं. नदीत जन्मलेला ट्राउट आपली जागा धरून राहतो. हा दगड माझा, ही प्रवाहाची कड तुझी, अशी त्यांची वहिवाट ठरलेली असते. त्यामुळे ताकद वाया जात नाही. सिमेंटच्या हौदात दाटीवाटीने, आयतं खाऊन वाढलेल्या माशाला ही रीत ठाऊक नसते. तो येतो, धक्काबुक्की करतो, जुन्याला उठवतो आणि पुष्कळदा पहिल्या हिवाळ्यातच स्वतःही मरतो. म्हणजे पाहुणा टिकत नाही आणि यजमान घराबाहेर.

हे वाचताना मला आपल्याकडचे कर्जमेळावे आठवले. मांडव घालून म्हशी वाटल्या जात. किती वाटल्या याचा आकडा त्याच संध्याकाळी वर जाई. वर्षभराने त्यातल्या किती दावणीला उरल्या, हे विचारण्याची पद्धत नव्हती. ‘किती दिले’ हा आकडा मिळवायला सोपा, ‘किती राहिले’ हा अवघड. व्हिन्सेंटने अवघड आकडा गोळा केला, हे त्याचं मोठेपण.

असे आकडे कुणाला आवडत नाहीत. मासे सोडले नाहीत तर पर्यटक येणार नाहीत, आमचा धंदा बुडेल, अशी ओरड नदीकाठच्या गावांतून झाली. खात्यातले मत्स्यबीज केंद्रवालेही नाराज झाले. तरी १९७४ साली निर्णय झाला. तळी आणि जलाशय यांत मासे सोडणं चालू राहिलं. नद्या मात्र नद्यांवर सोपवल्या.

पण नदीवर सोपवणं म्हणजे हात झटकणं नव्हे. माशांऐवजी नदी सांभाळायची, हा त्याचा अर्थ. धरणातून पाणी किती आणि कधी सोडायचं, काठची झाडं आणि अंडी घालण्याच्या गोट्यांच्या जागा कशा राखायच्या, घरी किती मासे न्यायचे, हे सगळं मग महत्त्वाचं ठरतं. उन्हाळ्यात पाणी सलग तीन दिवस तेवीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करतात. कोमट पाण्यात गळाशी झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी वाचत नाही, म्हणून.

पैशाची व्यवस्था तर मला फारच आवडली. अमेरिकेत १९५०च्या कायद्याने गळ, काठ्या, रिळं अशा सामानावर उत्पादकांकडून कर घेतला जातो आणि तो राज्यांना माशांच्या कामासाठी वाटला जातो. अट अशी की, परवान्याच्या फीतून आलेला पैसा राज्याने दुसरीकडे वळवायचा नाही. वळवला तर केंद्राचा हिस्सा बंद. ज्याला नदीचा आनंद हवा त्याने नदीचा खर्च उचलायचा, आणि त्याचा पैसा नदीवरच खर्च व्हायचा. शिवाय मोंटानात १९८५पासून कायदा आहे, की काठची जमीन कुणाची का असेना, वाहत्या पाण्यात आणि भरतीरेषेच्या आत सामान्य माणसाला वावरता येतं. नदी आपली आहे असं वाटायला आधी नदीत उतरता आलं पाहिजे!

धोरणाची खरी परीक्षा १९९४ साली झाली. मूळच्या युरोपातल्या एका परजीवीने होणारा रोग मॅडिसनमध्ये सापडला. ट्राउटच्या पिल्लांच्या कूर्चेवर तो घाला घालतो, पिल्लं गोल गोल फिरत राहतात आणि मरतात. नदीच्या काही भागांत इंद्रधनुषी ट्राउट नव्वद टक्क्यांच्या आसपास घटले. टाकीभर मासे आणून ओतण्याचा मोह होण्याजोगीच वेळ ती. खात्याने तो आवरला. वाचलेल्या माशांची पुढची पिढी येत राहिली आणि बऱ्याच वर्षांनी संख्या पुष्कळशी सावरली.

आणखी एक प्रसंग ३० नोव्हेंबर २०२१चा. मॅडिसनवरच्या हेबगन धरणाच्या दाराचा भाग तुटला आणि तासाभराच्या आत नदीचं पाणी एकतृतीयांशाच्या आसपास आलं. तपकिरी ट्राउटची अंडी गोट्यांत होती, ती उघडी पडली. बातमी पसरताच गावोगावचे मासेमार कडाक्याच्या थंडीत बादल्या घेऊन धावले आणि डबक्यांत अडकलेले मासे उचलून प्रवाहात सोडू लागले. जे एरवी मासे पकडायला येतात, तेच! नदीच्या व्यवस्थापनाचं याहून चांगलं प्रमाणपत्र कुठलं असेल?

सगळंच गोजिरं आहे असं नाही. मॅडिसनचे तपकिरी आणि इंद्रधनुषी ट्राउट मुळात तिथले नव्हेतच. माणसानेच ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणून सोडले, आणि त्यांच्यापुढे तिथले मूळ मासे मागे हटले. २०२३ साली तर बिग होल, बीव्हरहेड आणि रुबी या शेजारच्या नद्यांत ट्राउटची संख्या कधी नव्हे इतकी खाली गेली. तेव्हाही गावकऱ्यांनी पहिली मागणी संशोधनाची केली. पन्नास वर्षांत प्रश्न विचारण्याची रीत बदलली, ती अशी.

ट्राउट आपल्याकडेही पाहुणाच. इंग्लंडहून पाठवलेली अंडी १८९९ साली वाटेतच दगावली. पुढल्या वर्षी आलेली जगली आणि काश्मीरच्या झऱ्यांत ट्राउट रुजला. मग तो कुलूच्या खोऱ्यात गेला. तिथल्या तीर्थन नदीवर जलविद्युत प्रकल्प नकोत म्हणून स्थानिक लोक झगडले, आणि सरकारने ती नदी प्रकल्पांपासून मुक्त ठेवली. ट्राउट हे त्या आग्रहामागचं एक कारण होतं. एका नदीचं वाहणं राखलं, हे हजारो पिल्लं ओतण्याहून मोठं काम.

महाराष्ट्रात ट्राउट नाही, पण महसीर आहे. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून ते सांभाळले जातात. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहातले मासे तिळसेश्वराचे. तिथे परवाना नाही, पुस्तिका नाही. देवाचा मासा धरायचा नाही, एवढा एकच नियम, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मोंटानावाले आकडेमोड करून ज्या ठिकाणी पोचले, तिथे आपले गावकरी श्रद्धेने केव्हाच पोचले होते. पण देवाचा धाक डोहापुरता. वरून पाणीच आलं नाही, किंवा आलं ते कारखान्याचं आलं, तर देव काय करणार?

म्हणून यापुढे कुठल्या नदीत अमुक लाख मत्स्यबीज सोडल्याची बातमी वाचली, की एवढंच विचारावं: मागच्या वर्षी सोडलेल्यांपैकी किती उरले? आणि उरले नसतील, तर दोष माशांचा होता की पाण्याचा?