आधी श्वास सोडा

साठीतले एक गृहस्थ जिना चढता चढता सहाव्या-सातव्या पायरीवर थांबतात. कठडा घट्ट धरतात, खांदे वर उचलतात आणि तोंड उघडून हवा आत ओढू लागतात. मागून येणारी मुलगी घाबरून म्हणते, "बाबा, मोठा श्वास घ्या!"

सल्ला प्रेमाचा, पण नेमका उलटा. बाबांची छाती आधीच हवेने भरलेली आहे. आतली जुनी हवा बाहेर पडत नाही, म्हणून नवीन हवेला जागाच उरलेली नाही.

या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. घरोघरी मात्र तो 'जुना दमा' किंवा 'वयाची धाप' म्हणून अंगावर काढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३५ लाख माणसं या आजाराने गेली. विडी-सिगारेट हे मोठं कारण खरंच, पण आयुष्यभर चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या, विडीला कधी हातही न लावलेल्या बायकांनाही तो गाठतो.

निरोगी फुप्फुस रबरासारखं असतं. श्वास घेताना ताणलं जातं, सोडताना आपोआप आकसतं. वर्षानुवर्षांच्या धुराने वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि पायजम्याचं इलॅस्टिक सैल व्हावं तसा तो ताण जातो. या भिंतींनीच बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवलेलं असतं. तो आधार सुटला की उच्छ्वासाच्या वेळी नलिका मिटतात आणि हवा आत कोंडते. घाईघाईने श्वास घेतला तर सोडायला वेळ आणखी कमी मिळतो, कोंडलेली हवा वाढते, धाप वाढते. भीतीने श्वास आणखी जलद होतो.

हे चक्र तोडायला मदत करणारा व्यायाम फार साधा आहे. खांदे सैल सोडायचे. तोंड मिटून नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा. मग बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून चार अंकांपर्यंत तो सावकाश सोडायचा. फुंकर इतकी हळुवार, की समोर निरांजन असेल तर ज्योत हलावी पण विझू नये. जोर लावायचा नाही. अरुंद ओठांमुळे बाहेर पडणाऱ्या हवेला अडथळा होतो, त्याचा उलटा दाब मागे श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो आणि त्या लगेच मिटत नाहीत. जिना चढतानाही हेच: थांबून श्वास घ्यायचा, सोडता सोडता पायरी चढायची.

याचा उपयोग किती? कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये श्वसनाच्या वेगवेगळ्या व्यायामांच्या १६ चाचण्या आणि १,२३३ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. काही आठवड्यांच्या सरावानंतर रुग्णांची चालण्याची क्षमता वाढलेली दिसली. फुंकरीच्या श्वसनाच्या एका चाचणीत सहा मिनिटांत कापलेलं अंतर, सराव न करणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी ५० मीटर जास्त भरलं. प्राणायामाच्या दोन चाचण्यांत ४५ मीटर. चाचण्या लहान होत्या आणि धाप कमी झाल्याचं सगळीकडे सारखं दिसलं नाही, हेही त्याच अहवालात आहे. तरीही ज्याला न्हाणीघरापर्यंत जाताना दम लागतो, त्याच्यासाठी ५० मीटर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची मोकळीक.

प्राणायाम म्हटलं की टीव्हीसमोर बसून झटके देत कपालभाती सुरू होते. या रुग्णांनी तिथे थांबावं. जोराने हवा बाहेर ढकलली की दुबळ्या नलिका आणखी दाबल्या जातात. पोटाने श्वास घेण्याचा व्यायामही सर्वांना मानवत नाही. छाती फार फुगलेली असेल तर त्याने धाप वाढू शकते. म्हणून व्यायाम शिकायचा तो जाणकार फिजिओथेरपिस्टकडूनच.

इनहेलर चालूच ठेवावा, धूर पूर्ण सोडावा. फुंकरीचा सराव दम लागलेला नसताना, खुर्चीत निवांत बसून रोज करावा, म्हणजे जिन्यावर तो आपसूक आठवतो. ओठ निळे पडले किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर व्यायाम करत न बसता थेट रुग्णालय गाठावं.