रोस्टॉक येथील जमावहिंसा (१९९२) आणि आश्रयाचा हक्क

परकीयांविरुद्धच्या हिंसेचा विचार करताना हल्लेखोर आणि त्यांचे भक्ष्य या दोनच पक्षांकडे अभ्यासकाचे लक्ष जाते. हिंसा घडत असता शासन कोठे होते, बघे काय करीत होते आणि पीडितांच्या बाजूने कोण उभे राहिले, हे प्रश्न मागे पडतात. जर्मनीतील रोस्टॉक शहराच्या लिश्टेनहागेन उपनगरात ऑगस्ट १९९२ मध्ये जे घडले, त्यात या तिन्ही प्रश्नांना पुरेल अशी सामग्री आहे.

प्रथम संज्ञांविषयी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व अथवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती असल्याने जो स्वदेशाबाहेर आहे, त्यास १९५१ चा जिनिव्हा करार निर्वासित मानतो. ज्याच्या अर्जाचा निर्णय व्हावयाचा आहे, तो आश्रयार्थी. पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याने तर राजकीय छळ सोसणाऱ्यास आश्रयाचा हक्कच दिला होता. नाझी राजवटीत देशोधडीस लागलेल्यांची स्मृती त्यामागे होती.

लिश्टेनहागेनमधील एका अकरा मजली इमारतीच्या भिंतीवर सूर्यफुलांचे मोठे चित्र आहे. तिच्या एका भागात आश्रयार्थींचे नोंदणीकेंद्र होते. शेजारच्याच भागात पूर्व जर्मनीच्या राजवटीत करारावर आणलेले व्हिएतनामी कामगार राहत. १९९२ मध्ये जर्मनीत आश्रयासाठी सुमारे ४,३८,००० अर्ज आले; युगोस्लाव्हिया व रुमानिया येथून आलेल्यांचे प्रमाण त्यांत मोठे होते. केंद्र अपुरे पडले आणि रुमानियातून आलेली रोमा कुटुंबे त्या उन्हाळ्यात बाहेरच्या हिरवळीवर झोपू लागली. तेथे तात्पुरती शौचालये बसविण्यासही नगरप्रशासन तयार नव्हते. या दुरवस्थेतून उत्पन्न झालेली घाण पुढे त्या कुटुंबांच्या स्वभावाचा पुरावा म्हणून दाखविली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व प्रकरणाची किल्ली येथे आहे.

२२ ऑगस्टला दगडफेक सुरू झाली. २४ तारखेस केंद्रातील आश्रयार्थींना अन्यत्र हलविले गेले. व्हिएतनामी मात्र तेथेच राहिले. त्या रात्री पोलिसांनी माघार घेतली आणि जमावाने पेटत्या बाटल्या फेकून इमारतीस आग लावली. भोवती सुमारे तीन हजार बघे होते व त्यांतील अनेक टाळ्या वाजवीत होते. आत शंभराहून अधिक व्हिएतनामी स्त्रीपुरुष व मुले, एक दूरचित्रवाणी पथक आणि शहराचा परकीयविषयक अधिकारी वोल्फगांग रिश्टर हे अडकले. गच्चीकडील बंद दारे फोडून ते छपरावरून शेजारच्या भागात उतरले, म्हणूनच जीवितहानी टळली. आश्रयार्थी कोण आणि करारकामगार कोण, हा भेद जमावाने केला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यानंतर पाठिंबा प्रकट झाला तो दोन प्रकारांनी. नोव्हेंबरात म्योल्न येथे तुर्की कुटुंबांच्या घरांना आग लावून तिघींचा बळी घेतला गेला, तेव्हा ६ डिसेंबर १९९२ रोजी म्युनिकमध्ये तीन लाखांहून अधिक लोक हाती दिवे घेऊन रस्त्यावर उभे राहिले. या दीपशृंखला इतर शहरांतही झाल्या. त्यांना केवळ भावनेचे प्रदर्शन म्हणणे अन्यायाचे होईल. बघ्यांच्या टाळ्यांना ते सार्वजनिक उत्तर होते. परंतु कायद्याच्या प्रश्नावर त्या बव्हंशी मूक राहिल्या. २६ मे १९९३ रोजी संसदेने ५२१ विरुद्ध १३२ मतांनी आश्रयाच्या हक्कास मुरड घातली : सुरक्षित मानलेल्या देशातून येणाऱ्यास तो हक्क सांगता येईना, आणि जर्मनीचे सर्व शेजारी देश सुरक्षित ठरले. १९९४ मध्ये अर्जांची संख्या सुमारे १,२७,००० वर आली. हिंसा थांबविण्यासाठी संख्या घटविणे हाच उपाय, असा युक्तिवाद त्या वेळी होत असे. मतदानास तीन दिवस होतात तोच झोलिंगेन येथे एका तुर्की कुटुंबाच्या घरास आग लावून पाच मुली व स्त्रियांना ठार मारण्यात आले. हे कुटुंब आश्रयार्थी नव्हते, तेव्हा आश्रयाचा कायदा कडक करून त्यास कोणते संरक्षण लाभणार होते?

दुसरा प्रकार अधिक शांत, पण टिकाऊ. रोस्टॉकमधील व्हिएतनामींनी १९९२ मध्येच ‘दिएन होंग’ ही संस्था स्थापन केली. भाषावर्ग, रोजगार, निवासाचे परवाने अशा कामांत स्थानिक जर्मन सहकारीही तिला मिळाले. पीडित येथे केवळ साहाय्याचे पात्र न राहता स्वतः संघटक झाले.

रोस्टॉकने २०१७ मध्ये शहरात निरनिराळ्या ठिकाणी संगमरवरी स्मृतिस्तंभ उभारले. एक नगरसभागृहाजवळ, एक पोलीस कार्यालयाजवळ, एक स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीजवळ आहे. सूर्यफुलांच्या इमारतीजवळचा स्तंभ त्यांपैकी केवळ एक होय.